वाऱ्याच्या बाजूने पेटवलेला राब

पोशेरा
१२ मे २०२४, रविवार

गौरा,

पत्राच्या वर 'जय ख्रिस्त' लिहायचं असतं, हे तू मला शिकवायला नको. मंडळीतल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या-अर्ज मीच लिहून देते. पण आज तुझ्यासाठी ते लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं गौरा.

तू फोन उचलत नाहीस. चार दिवस टेकाडावर चढून, रेंज येते तिथे करवंदीच्या जाळीपाशी उभी राहून तुला फोन लावला. शेवटी प्रगतीचीच जुनी वही घेतली. सोम्याची जीप रोज जव्हारला जाते, त्याच्या हाती हे देते आहे. तो उघडून वाचणार नाही, त्याला माझी भीती आहे.

माझी पोर परत पाठव.

चौदा वर्षांची पोर बुधवारी न सांगता फाट्यापर्यंत चालत गेली, जीपमध्ये बसली, आणि तू तिला घरात घेतलंस. घेतलंस ते घेतलंस, दुसऱ्या दिवशी सकाळी कानाला धरून आणून सोडायचीस ना! सख्खी मावशी तू. उलट निरोप काय पाठवलास, तर 'ताई, आधी तिची पाठ बघ, मग बोल'. अगं, ती पाठ मला दाखवतेस? जन्मल्यापासून त्या पाठीला तेल मी चोळलंय.

तिने काय झालं ते तिच्या परीने सांगितलं असेल. आता माझं ऐक. प्रगतीचा बाप, रूपेश, ठाण्याला बांधकामावर. राब भाजायचा राहिला होता. महिनाभर आम्ही दोघी मायलेकींनी पातेरा, फांद्या, शेण डोक्यावर वाहून रोपाच्या वाफ्यावर पसरलं होतं. राब वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा असतो. तुला जव्हारच्या फरशीवर राहून विसर पडला असेल म्हणून सांगते. उलट बाजूने पेटवला की आग हळूहळू मागे सरकते आणि जमीन खोलवर भाजते. वाऱ्याच्या बाजूने पेटवला की वरचा पाला भुरकन जळतो, खालची जमीन कच्चीच राहते, आणि आग धावत सुटते ती वेगळीच. शेंबड्या पोरालाही हे कळतं. मी वरच्या बांधावर पाण्याची घागर आणायला गेले आणि इकडे बाईसाहेबांनी काडी ओढली. वाऱ्याच्या बाजूने! आग उडाली ती शेजारच्या पोशीच्या पेंढ्याच्या उडवीवर. उडवी गेली. गोठा वाचला तो देवाची कृपा म्हणून.

त्यावर मी शिस्त लावली. शिस्त, गौरा. मारहाण नव्हे. लहान्याकाका आमच्या मंडळीतले वडीलधारे, त्यांनी नियम घालून दिलाय. राग उतरेपर्यंत थांबायचं, लेकराला कारण सांगायचं, निरगुडीच्या तीन शिमट्या द्यायच्या, मग दोघांनी गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि लेकराला पोटाशी धरायचं. शिक्षा झालेल्या गोष्टीचा सूड घेते आणि शिस्त पुढची वाट दाखवते, असं ते सांगतात. देवसुद्धा ज्याच्यावर माया करतो त्यालाच ताडन करतो ना? मी तीनच दिल्या. नियमाने दिल्या.

तुला हे कळायचं नाही. तुला मूल नाही. हे लिहून गेले, आता खोडत नाही.

रविवारपर्यंत तिला पाठव.

माघी


पोशेरा
१९ मे २०२४

गौरा,

पोर आली नाही, कागद आला. शाबास! मी मुलगी मागितली आणि तू मला शाळेचा अर्ज पाठवलास.

आमची शाळा आठवीपर्यंतच, हे खरं. नववीला तिला मोखाड्याला घालायचं आणि रोज जीपने ये-जा करायची, असं आमचं ठरलेलं होतं. रात्री पोर घरात असली की झालं. आता तू म्हणतेस जव्हारच्या शाळेत घालू, माझ्याजवळ राहील. दाखला काढायला आईबापाची सही लागते म्हणून तुला माझी आठवण झाली. सही लागली नसती तर एवढंही विचारलं नसतंस. अर्जात 'पालकाचे नाव' या रकान्यात तू पेन्सिलीने आपलं नाव लिहून खोडलंयस. खोडलेलं दिसतं गं. मी कागद उन्हात धरून बघितला.

सोम्या सांगत होता, पोर छान दिसते. छान दिसणारच. तुझ्याकडे पंखा आहे, नळाला पाणी आहे, पुडीतला शाम्पू आहे. शेण उचलायचं नाही, लाकडं फोडायची नाहीत. कुणी 'उठ' म्हणत नाही. तू सकाळी खानावळीत पोळ्या लाटायला जातेस तेव्हा ती झोपलेली असते म्हणे. चार दिवस लाड करणं सोपं असतं, बाई. चौदा वर्षं रोज उठवून बघ.

आणि हो, तुला वाटतं मला काही माहीत नाही. मी तुम्हाला बघितलंय. पुनरुत्थानाच्या सणाला ती तुझ्याकडे आली होती ना? दुसऱ्या दिवशी मी नाचणीचे लाडू करून जव्हारला आले होते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले. तू ओट्यावर बसली होतीस आणि तिचं डोकं तुझ्या गुडघ्यावर. तू फणी फिरवत होतीस आणि ती काहीतरी सांगत होती, हातवारे करून, हसून. माझ्याशी ती इतकं बोलत नाही. दोन वर्षं झाली, केसांना हात लावू देत नाही. 'आये, तू ओढतेस' म्हणते. मी कोपऱ्यावरूनच परत फिरले. लाडू जीपमधल्या बायकांनी खाल्ले, चांगले झालेत म्हणाल्या. रूपेशला फोनवर सांगितलं, जीप मिळाली नाही.

तेव्हापासून माझ्या पोटात निखारा आहे. पाप आहे म्हणावं तर पाळकच सांगतात की देवालाही ईर्ष्या आहे. आपली माणसं दुसऱ्याच्या मागे गेलेली त्याला खपत नाहीत. त्याला खपत नाही तर मी कोण लागून गेले?

अर्जाच्या मागे तू एकच ओळ लिहिलीस, 'ताई, माझ्या वाटचा मार तू खायचीस, मग पोरीला का गं?'

ही ओळ लिहायची नव्हतीस.

बरं, आता काढलंच आहेस तर ऐक. आपला बा आधी मोहाची पिऊन मारायचा. मग त्याने विश्वास धरला, दारू सुटली, पण काठी सुटली नाही. आधी शिव्या देऊन मारायचा, नंतर वचन सांगून मारायला लागला. घागर तू फोडलीस, मी म्हटलं मी फोडली. शेळी तू हरवलीस, मी म्हटलं मी हरवली. एकदा तर काय हरवलं तेही मला माहीत नव्हतं, तरी मी पुढे झाले. तू दाराआड बोटं तोंडात घालून उभी असायचीस. तुझी पाठ कोरी राहिली ती माझ्यामुळे. आज तुझा हात हलका आहे, तुझ्या तोंडी गोड बोलणं आहे, पोरं तुझ्या गुडघ्यावर डोकं ठेवतात. यात तुझी काय कमाल गं? तो हलका हात मी तुला दिलाय. आणि त्याच हाताने तू माझी पोर ओढून घेतलीस.

सही करणार नाही.

माघी


पोशेरा
२ जून २०२४, रविवार

गौरा,

आज प्रभुभोजन होतं. महिन्यातून एकदा पाळक येतात, लहान्याकाकांच्या ओटीवर आम्ही पंधरा-वीस जण बसतो. नाचणीची भाकर मोडतात आणि करवंदाचा रस फिरवतात, तुला आठवत असेल. भाकर घेण्याआधी ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्याने जाऊन हात धरायचा, ही आपल्याकडची रीत. पोशी उठली, माझ्याजवळ आली, माझा हात धरला. तिला मी आमचा अर्धा पेंढा दिलाय, तिच्या मनात काही नाही. मग ताट माझ्यासमोर आलं.

मी ते पुढे सरकवलं. सगळ्यांनी बघितलं. मंडळी सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

सगळे गेल्यावर लहान्याकाका म्हणाले, 'माघी, किती मारल्यास?' मी म्हटलं, तीन. त्यांनी ताट उचललं. मग म्हणाले, 'माझा पोरगा वसईला आहे. सहा वर्षं आला नाही. नातवाचं तोंड मी फोटोत बघितलंय. हा तीनचा नियम मी तो गेल्यावर केला. आधी नव्हता.' एवढं बोलून ते ताट धुवायला गेले. बाई माणूस समोर असताना ते स्वतः ताट धुवायला गेले, गौरा.

मी घरी आले आणि ही वही काढली. आता खरं लिहिते. तू हे प्रगतीला मोठ्याने वाचून दाखव. तिला वाचायला देऊ नको, तूच वाच, म्हणजे मध्ये थांबून तिच्याकडे बघता येईल.

तीन नव्हत्या. मी मोजल्या नाहीत. शिमटी मोडली, मग हाताने मारलं. प्रार्थना केली नाही. पोटाशी धरलं नाही.

आणि राब तिने आपल्या मनाने पेटवला नव्हता. त्या दिवशी सकाळी ती म्हणाली होती, 'आये, सुट्टी संपेपर्यंत मावशीकडे जाऊ?' तिथून माझं डोकं फिरलं होतं. बांधावर चढताना मीच म्हटलं, 'पेटव एकदाचा, वारा कसला बघत बसलीस!' ती म्हणाली, 'आये, वारा पाठीमागून येतोय, पलीकडून पेटवू का?' मी म्हटलं, 'शहाणपण शिकवू नको.' पोरीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिने माझं ऐकलं, म्हणून उडवी जळली.

पण उडवी जळली म्हणूनही मी मारलं नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही, रूपेशलाही नाही. आग उडवीला लागली तेव्हा ती घाबरून किंचाळली. मी वीस पावलांवर बांधावर होते, तिला दिसत होते. तू घाटापलीकडे जव्हारला खानावळीत. आणि ती काय ओरडली? 'मावशी!'

आये नाही. मावशी.

घागर माझ्या हातातून तिथेच पडली. आग विझवायला पोशी आणि तिची सून धावल्या. मी आगीकडे गेलेच नाही. मी पोरीकडे गेले. 'बोलव तुझ्या मावशीला, बोलव आता' म्हणत म्हणत मारलं. तिने तेवढं ऐकलं आणि तुझ्याकडे आली.

मंडळीत मी शिस्तीवर बोलते, बायका माना डोलवतात. आणि माझी शिस्त ही अशी. लेकराचं काय चुकलं ते सांगायला मला आजही जमायचं नाही, कारण चुकलं माझं होतं. बा निदान घागरीसाठी मारायचा.

देवाच्या ईर्ष्येचं मी तुला मोठ्या तोंडाने लिहिलं होतं. लाज वाटते. तो आपल्या लेकरांसाठी स्वतः मार खाणारा. मी तुझ्यासाठी खाल्ला तेव्हा थोडी त्याच्यासारखी होते. नंतर त्याचं बिल मी पोरीला लावलं.

अर्जावर सही केली आहे. रूपेशनेही फोनवर हो म्हटलंय. शाळेत जाऊन दाखला काढून आणला, सोबत आहे. पालकाच्या रकान्यात माझंच नाव घातलंय, त्याचा राग मानू नको. तेवढं माझं राहू दे. सोबत डब्यात मोहट्यांचं तेल आहे, गेल्या साली मोहाच्या बिया घाण्यावर देऊन काढलेलं. वास येतो म्हणून ती नाक मुरडेल, पण तिच्या डोक्याला तेच सोसतं. लावताना मागच्या भोवऱ्यापाशी जपून, तिथे लहानपणी खोक पडली होती. ती पडून पडली होती, मारून नव्हे. सगळं मारूनच झालेलं नाही गं.

तुला मूल नाही असं लिहिलं होतं. ते वाक्य पहिल्या पत्रातून फाडून जाळ.

माघी


पोशेरा
२१ जुलै २०२४, रविवार

गौरा,

तुझं पत्र पोचलं होतं. प्रगतीने ऐकलं, कळशी घेऊन नळावर गेली आणि आठ दिवसांनी विचारलं, 'आये फाट्यावर घ्यायला येईल का?' हे तू लिहिलंस ते मी इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला. आठ दिवस लागले याचं वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण मी फाट्यावर गेले. सोम्याच्या जीपच्या वेळेआधी तासभर गेले.

उतरली ती जव्हारची मुलगी उतरली. वेण्या घट्ट, रिबीन, अंगाला साबणाचा वास. मी जवळ घ्यायला हात पुढे केला तर ती जराशी मागे सरली. अगदी जराशी. हात उचलला की मागे सरायची सवय मीच लावलीय, तर मी कुणावर चिडू? मी हात खाली घेतला, तिची पिशवी घेतली. वाटेत म्हटलं, 'भूक लागली?' ती म्हणाली, 'मावशीने पोळी दिली होती.' बरं, म्हटलं.

लावणी चाललीय. रूपेश चार दिवसांची सुट्टी टाकून आलाय. राब अर्धा बिघडला तो बिघडलाच. आग जिथून धावत गेली तिथे रोप कमी आणि तण जास्त. पोरगी आणि मी त्या वाफ्यात बसून तण उपटत होतो. मग तीच म्हणाली, 'इथे कच्चं राहिलं.' मी म्हटलं, 'हो. माझ्यामुळे.' तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा तण उपटायला लागली.

तिची माफी मी समोरासमोर मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही, नीट जमली नाही. मधेच मी 'पण तूसुद्धा' असं म्हणायला लागले होते, जीभ चावली. तिने विचारलं, 'शिमटी कुठंय?' दाराच्या वर असायची ना. मी सांगितलं, चुलीत गेली. ती खुर्ची घेऊन वर चढली आणि हात फिरवून बघून आली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नाही अजून. बसेल तेव्हा बसेल.

काल दुपारी खालच्या खाचरात आम्ही रोप लावत होतो. मी या टोकाला, ती त्या टोकाला, रूपेश बैलांपाशी. एकदम किंकाळी आली. गुडघाभर चिखलात ती उभी, पायाला काहीतरी गुंडाळलेलं, आणि ती ओरडली, 'मावशी! मावशी गं!'

मी धावले. बांधावरून जायचं सुचलं नाही, सरळ लावलेल्या रोपातून गेले, सकाळपासूनचं सगळं काम तुडवत. पडले, उठले, पुन्हा पळाले. चिखलात हात घालून ते पायावरून ओढून काढलं आणि लांब भिरकावलं. दिवड होती, गौरा. साधी पाणदिवड, चावली तरी काही होत नाही. रूपेश तिकडून हसायला लागला. पोर थरथरत होती. मी तिला उचलून बांधावर बसवलं, तिचा पाय मांडीवर घेतला, ओंजळीने पाणी घालून चिखल धुतला, कुठे दात लागलाय का ते बोटबोट बघितलं. ती मागे सरली नाही.

म्हणाली, 'आये, सगळं रोप तुडवलंस.'

म्हटलं, 'परत लावू.'

आज मंडळीला ती माझ्याशेजारी बसली होती. उद्या सकाळच्या जीपने तिला पाठवते, शाळा बुडायला नको. केस तूच विंचर, अजून मला देत नाही.

हाक तुझ्याच नावाची होती. मला ती स्वच्छ ऐकू आली होती, जशी त्या दिवशी बांधावर आली होती तशीच. जळलंसुद्धा तसंच. तरी धावले.

जय ख्रिस्त.

तुझी ताई,
माघी